पाच औट साडेसतरा

आमचा आजा शाळेची पायरी चढला नव्हता, पण अपूर्णांकांचे पाढे त्याच्या तोंडी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. बैलांमागं चालताना तो मलाही म्हणायला लावी : सात औट साडेचोवीस, अकरा औट साडेअडतीस. शाळेत गुरुजी तेच अंश-छेद मांडून मधे रेघ मारायचे, तर मला ते परकं वाटायचं. पाऊण कळायचं, तीन छेद चार कळायला वर्ष गेलं.

या पाढ्यांना कारण होतं. रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा. निम्मं-पाव करत जावं, कुठं काही उरायचं नाही. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. आण्याला सव्वासहा पडायला हवे. पण पाव पैशाचं नाणं आणायचं कुठून? म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीनला एकोणीस, चार आण्यांना मात्र बरोबर पंचवीस. आजी बाजारात आण्याला मेथीची जुडी विकायची. सोळा गिऱ्हाइकं झाली की आधी रुपया व्हायचा, आता शहाण्णव पैसे. "वरचं चार पैसं कुणी खाल्लं?" असं ती विचारी. आजा म्हणे, "कुणी न्हाई गं, हिशेबात सांडलं."

मी दहावीपर्यंत शिकलो. 'क्ष' शोधायला शिकलो, त्याचा शेतात फारसा उपयोग झाला नाही. औटकीचा झाला, तो असा.

वडील वारले. आई आधीच गेलेली. वडिलांनी स्वतःच्या कष्टानं घेतलेलं सव्वापाच एकर जिरायत रान, एकराचे चाळीस धरून दोनशे दहा गुंठे. हिशेब मांडायला घरात शिकलेला मीच. आम्ही तिघं भाऊ, प्रत्येकी सत्तर. वीस औट सत्तर. कागद लागला नाही. आक्का स्वैपाकघराच्या दारात उभी होती. बापाच्या कमाईच्या जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाएवढाच, हे 1956 च्या वारसा कायद्यात आहे, आणि मला ते ठाऊक होतं. चौघांत भागलं तर साडेबावन्न, म्हणजे पंधरा औट. तिच्यातले पाच-पाच औट, साडेसतरा-साडेसतरा गुंठे आम्ही प्रत्येकानं घेतले. माहेर तुटायला नको म्हणून तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. आम्ही साडी-चोळी केली.

गेल्या साली मी माझ्यातले साडेसतरा तिच्या नावे करायचं काढलं. चौकशी केली, तर जिरायतीचा एवढा लहान तुकडा तुकडेबंदीत बसत नाही म्हणाले. तिघांचे शेजारी-शेजारी काढून एकत्र दिले तर बसतात. मग दोघा भावांना घरी बोलावलं, पाटीवर मांडून दाखवलं : साडेसतरा त्रिक साडेबावन्न.

धाकटा पाटीकडं बघत बसला. मधला म्हणाला, "दादा, आक्कानं मागितलंय का?"

मागितलेलं नाही. पाटी अजून ओसरीवरच आहे, मी पुसलेली नाही.