खडकीचा हबशी आणि जंजिऱ्याचे सिद्दी

श्रोतेहो, राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत बसले की जंजिरा काही फार दूर नाही. तट समोर असतो, पण दरवाजा काही दिसत नाही. होडी पार जवळ गेली म्हणजेच तो नजरेस पडतो. आत एके काळी भरवस्ती होती. चहूकडे खारे पाणी, नि मध्ये गोड्या पाण्याचे तलाव! असे ठाणे तहानेने शरण येणार कसे?

आपण मराठवाड्याची माणसे. आपला समुद्राशी संबंध काय, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तो मलिक अंबर. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेकडलेच.

हा जंजिरा घेण्यासाठी संभाजीराजांनी १६८२ मध्ये दगड टाकून मधली खाडी बुजवायला घेतली. तेवढ्यात मोगल फौज कोकणात उतरली, नि त्यांना मोहीम सोडून फिरावे लागले. त्याच साली औरंगजेब खडकीस, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेस, येऊन ठेपला. हबशाने वसवलेल्या त्या शहराला आज संभाजीराजांचे नाव आहे. गुरुजी, वर्गात मलिक अंबर आला की नकाशावर बोट जंजिऱ्यापर्यंत जरूर न्या. सिद्दी नवाबांचे राज्य तिथे १९४८ पर्यंत होते.