दगड घडला कधी म्हणायचा?

आमच्या जतकडे पाथरवट दगड घडवतो तेव्हा गुण्या आणि ओळंबा हाताशी ठेवतो. फ्रीमेसन मंडळींनी हीच अवजारे खूण म्हणून घेतली. ओबडधोबड दगड म्हणजे आपण स्वतः. तो घडवत राहायचे, ही त्यांची शिकवण. पण बंधुभाव सांगणाऱ्या मुंबईतल्या लॉजने माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना दार उघडले नाही. ते पॅरिसमध्ये मेसन झाले. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांसाठी मुंबईत ‘रायझिंग स्टार’ लॉज काढले. तिथेही स्त्रियांना प्रवेश नव्हताच. माणकजींनी मात्र १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा सुरू केली. दारात अडवलेला माणूस दुसऱ्यासाठी दार उघडतो, तेव्हा दगड घडला म्हणायचा!