अस्थी घरी येतात तेव्हा

फिलिपिन्समधील लुझोन बेटाच्या उत्तरेस कॉर्डिलेरा पर्वतरांग आहे. तिथल्या इफुगाव लोकांनी डोंगर खोदून केलेली पायऱ्यांची भातशेती १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आणि जगभर गाजली. श्रोतेहो, आज मात्र त्या शेतीविषयी नव्हे, तिथल्या माणसांच्या अखेरच्या प्रवासाविषयी बोलायचं आहे. अर्थात शेती त्यातही आडवी येतेच!

जुन्या रीतीप्रमाणे माणूस गेला की त्याला लगेच पुरत नसत. अंघोळ घालून, खुर्चीवर बसवून, खांबांवर उभारलेल्या घराच्या खाली ठेवत. घर जितकं सधन, तितकी जागरणं जास्त. या जागरणांत वयस्कर स्त्रिया पुढे होऊन ‘हुदहुद’ गातात. जुन्या वीरांच्या या गीतकथा दोनशेहून अधिक आहेत आणि एकेक कथा कित्येक तास, कधी कधी दिवस चालते.

दफनानंतरही नातं संपत नाही. वर्षभराने, कधी बऱ्याच वर्षांनी थडगं उघडून अस्थी बाहेर काढतात, स्वच्छ करतात, हातमागाच्या नव्या चादरीत गुंडाळून घरी आणतात. या विधीला ‘बोग्वा’ म्हणतात. घरात कुणी सारखं आजारी पडू लागलं, तर ‘मुंबाकी’, म्हणजे त्यांचा पुरोहित, गेलेल्या पूर्वजाचं काही मागणं राहिलंय का, याचा शोध घेतो. मग डुकरं कापली जातात, गाव जेवतं, आणि अस्थी परत थडग्यात किंवा घराखालीच ठेवतात.

हे सगळं फुकट होत नाही. रॉय फ्रँकलिन बार्टन हा अमेरिकन शिक्षक या लोकांत काही वर्षं राहिला. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इफुगाव लॉ’ या ग्रंथात त्याने नोंदवलंय, की वाडवडिलांचं भातखाचर विकणं हे लाजिरवाणं. पण आजारपणात किंवा मर्तिकात बळी द्यायच्या जनावरांसाठी विकलं, तर ती निकड मानली जाई. म्हणजे बापाने राखलेलं खाचर बापाच्याच मर्तिकात जायचं! याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते मांस गावभर वाटलं जातं, आणि दूरवरचे नातलग त्या निमित्ताने एकत्र येतात, हेही खरं.

आज बहुतेक इफुगाव ख्रिस्ती आहेत. तरी बोग्वा थांबलेला नाही. काही घरांत ख्रिस्ती प्रार्थना होते, आणि त्याच अंगणात डुक्करही कापलं जातं.