कोवलमची हेराल्ड आणि कुर्ल्याची फियाट

चेन्नईहून पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने महाबलीपुरमकडे निघाले की सुमारे चाळीस किलोमीटरवर कोवलम लागते. केरळातील त्याच नावाच्या प्रसिद्ध गावाशी याचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत याला कोव्हलाँग म्हटलेले आढळते. अर्काटचा नवाब सादतुल्लाखान याच्या नावावरून हे बंदर सादतबंदर म्हणूनही ओळखले जाई, आणि त्याचे नवायत कुळ आपल्या कोकणपट्टीशी नाते सांगणारे होते, एवढे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. येथील किल्ला १७५२ साली क्लाइव्हने घेतला. त्याच्या जागेवर १९७४ पासून एक मोठे हॉटेल उभे आहे. परंतु आम्ही कोवलमला गेलो ते किल्ला पाहण्यासाठी नव्हे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माडांच्या आड, पत्र्याच्या छपराखाली एक १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड विकावयाची आहे, असे कळले होते म्हणून गेलो.

आम्ही म्हणजे मंडळातील चार कुटुंबे. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करण्याची सवय अंगी मुरलेली असल्यामुळे जुन्या मोटारीसाठीही तोच मार्ग आम्हांस सुचला. चौघांची पुंजी मिळून एक लाख चाळीस हजार रुपये झाली. एका घरी मुलीच्या महाविद्यालयाची फी तोंडावर आली होती, दुसऱ्या घरी निवृत्ती जवळ होती. तेव्हा ही रक्कम गमावून चालण्यासारखी नव्हती. इतक्या पैशांत कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न आम्ही आरंभी मेस्त्र्यांना विचारला. त्याचे खरे उत्तर मात्र इतिहासात सापडले, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

आपल्या देशात मोटारी घडवाव्यात ही कल्पना प्रथम नेटाने मांडणाऱ्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. पुण्यात शिकलेला आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालविलेला हा अभियंता १९३५ साली युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून आला आणि त्याने मोटार कारखान्याची योजना तयार केली. बाळासाहेब खेरांच्या मुंबईतील मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखविली. ती योजना उचलून धरली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. १९४० साली त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, पण युद्धाचे दिवस होते आणि तत्कालीन सरकारची मर्जी नव्हती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली व कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाटचे नाव त्यानंतर आले.

इकडे मद्रासही मागे नव्हते. १९४८ साली स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी निघाली आणि वंडलूरच्या परिसरात तिचा कारखाना उभा राहिला. एन्नूर येथे अशोक मोटर्स ऑस्टिन ए-४० जोडू लागली. हीच पुढे अशोक लेलँड झाली. म्हणजे आज आपली मुलेबाळे ज्या शहराला मोटारींचे शहर म्हणून ओळखतात, ते ह्युंदाईच्या सँट्रोने १९९८ साली तसे झाले असे नाही. त्याची पन्नास वर्षांची पूर्वपीठिका आहे.

मग १९५३ साल आले. जकात आयोगाच्या अहवालानंतर सरकारने ठरविले की ज्यांना येथे गाडी टप्प्याटप्प्याने घडवावयाची आहे त्यांनीच राहावे. परदेशातून पेट्या आणून नुसते जोडकाम करणाऱ्यांनी आवरते घ्यावे. मुंबईत शिवडीला १९२८ पासून असलेली जनरल मोटर्स १९५४ साली निघून गेली. फोर्डनेही गाशा गुंडाळला. मध्यमवर्गीय गृहस्थापुढे वास्तविक तीनच घरे उरली : उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढील तीस वर्षे मोटार म्हणजे अँबॅसडर, फियाट किंवा हेराल्ड, असे समीकरण होऊन बसले ते यामुळे.

या टंचाईने एक चमत्कारिक बाजार निर्माण केला. १९५९ सालच्या आदेशाने गाड्यांचे वाटप सरकारी नियंत्रणाखाली आले; १९६९ साली किमतीही कायद्याने बांधल्या गेल्या आणि ते प्रकरण १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. फियाटसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. परिणामी, हाती आलेली गाडी वापरून विकली तरी ती नव्याच्या बांधलेल्या दराहून अधिक दाम देऊन जाई. जुने ते महाग आणि नवे ते स्वस्त, पण नवे मिळत मात्र नाही! आज वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणास हे सांगितले तर तो आपली थट्टा चालली आहे असे समजतो. पण आपल्या वडिलधाऱ्यांनी गाडीला घरच्या माणसासारखे का जपले, तिचा प्रत्येक भाग दहादा दुरुस्त करून का वापरला, याचे मूळ त्या प्रतीक्षायादीत आहे. आणि आज साठ वर्षांची गाडी विकत मिळू शकते तीही त्या जपणुकीच्याच कृपेने.

आता हेराल्डकडे वळतो. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली आली. तिचे रूप इटालियन शिल्पज्ञ जोव्हान्नी मिकेलोत्ती याने रेखाटले होते, आणि ते रेखाटन डोळ्यांना आजही गोड लागते. १९६१ पासून ती मद्रासेत स्टँडर्ड या नावाने तयार होऊ लागली. इंजिन ९४८ घनसेंटिमीटरचे. दोन गुण तिच्यासारखे तिच्यातच : ती अतिशय थोड्या जागेत वळते, आणि तिचे बॉनेट पुढच्या चाकांवरील मडगार्डांसह संपूर्ण पुढे कलंडते, त्यामुळे मेस्त्री चाकावर बसून इंजिनाचे काम करू शकतो. मद्रासच्या गल्लीबोळांत डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक मंडळींनी तिच्यावर जीव लावला. पुढे ती चार दारांची झाली, १९७१ साली तिच्यापासून गझेल निघाली, आणि हेराल्डची मागची झुलती चाके येथील मेस्त्र्यांना नीट मानवत नसल्याने गझेलला साधा घट्ट अक्षदंड बसविण्यात आला. १९७७ च्या सुमारास गझेलही थांबली. १९८५ साली स्टँडर्ड २००० नावाची एक मोठी, महागडी गाडी काढून कंपनीने पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला. रोव्हरचे देखणे अंग आणि आत जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातील इंजिन, हा संसार तीन वर्षांत मोडला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर अशा संसाराला कोण थारा देणार?

आमचा मुद्दा येथे येतो. कंपनी मेली की तिची गाडी हळूहळू स्वस्त होते, पण तिचे पालन महाग होत जाते. पुदुपेट्टैच्या बाजारात आम्ही हेराल्डच्या सुट्या भागांची चौकशी केली. मद्रासच्या मोटारींचे सारे अवयव जेथे कधी ना कधी येऊन पडले, अशी ही पेठ. तेथील एका वृद्ध दुकानदाराने मान हलवून "किडैक्कादु, सार" एवढेच म्हटले. "मिळणार नाही" हे तमिळमध्ये इतक्या मायेने सांगितले जाते की राग येत नाही. इंग्लंडात ट्रायम्फचे भाग आजही नव्याने घडविले जातात, पण ते मागवावयाचे तर जकात व टपालखर्च मिळून आमची वर्गणी दोन खेपांत संपली असती.

फियाटचे तसे नाही. १९५४ साली कुर्ल्याहून मिलेचेंतो म्हणून निघालेली ११०० मुंबईकरांनी तिच्या नाकाडावरून 'डुक्कर फियाट' करून टाकली. त्या पहिल्या गाड्यांची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. १९६४ साली तिचे रूप बदलले, १९७२ साली ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ साली पद्मिनी. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन शेवटपर्यंत टिकले, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरही अखेरची काही वर्षे सोडली तर टिकला. २००० सालच्या सुमारास उत्पादन थांबले, तरी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती धावत राहिली. शेवटच्या टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला. टॅक्सीवाल्याला गाडी एक दिवस उभी ठेवणे परवडत नाही. त्या निकडीने भायखळा, कुर्ला, ग्रँट रोड येथे पद्मिनीचे भाग बनविणारे, ते विकणारे आणि डोळे मिटून ते बसविणारे असे तीन पिढ्यांचे कारागीर तयार केले. फियाटची किंमत हेराल्डहून जास्त असते ती या कारागिरांच्या हातांची.

एवढे डोक्यात घेऊन आम्ही कोवलमला त्या छपराखाली उभे होतो. गाडीचे मालक वंडलूरच्या कारखान्यात गझेलच्या दिवसांत कामाला लागलेले आणि कारखाना बंद होईतो राहिलेले निवृत्त गृहस्थ. ही हेराल्ड त्यांनी दुसऱ्या हाताने घेतली होती. आकाशी रंग, आर. सी. बुक जागेवर, चासीचा नंबर पुस्तकाशी जुळणारा. ऐंशी हजार सांगितले. त्यांनी बॉनेट पुढे कलंडविले तेव्हा आमच्याबरोबरच्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. मोहाचा क्षण होता हे कबूल केले पाहिजे. गाडी पन्नास वर्षांपलीकडची असल्याने २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता आली असती. मात्र तशी नोंद झालेली गाडी नेहमीच्या वापरात आणता येत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. आम्हांस ती रविवारी मुलांना घेऊन फिरविण्यासाठीच हवी होती.

आमच्यातील एकाने, जो रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य घालवून आला होता, पायजम्यासकट गाडीखाली सरपटत जाऊन पाहिले. हेराल्डला मधून कण्यासारखा सांगाडा असतो आणि त्यापासून दोन्ही बाजूंस निघालेल्या बाहूंवर तिचे अंग बोल्टांनी बसविलेले असते. वरचा पत्रा चकाकत असला तरी खरी गाडी म्हणजे ते बाहू. त्याने पेचकस टेकविला तो एका बाहूतून आरपार गेला. दुसऱ्यातूनही गेला. चाळीस पावसाळे आणि खाऱ्या वाऱ्याने आपले काम केले होते. तो बाहेर आला, काही बोलला नाही, आणि तळहातावरची तांबडी भुकटी आम्हांस दाखविली.

घासाघीस करावी की खरे सांगावे, हा प्रश्न चौघांच्या नजरेत होता. आम्ही खरे सांगितले. मालक शांतपणे म्हणाले, "ठाऊक आहे. तुम्ही पाहता की नाही, ते मी पाहत होतो." आदल्या महिन्यात एक जण पूर्ण रक्कम देण्यास तयार होता, पण तो सुटे भाग काढून विकणार हे कळल्यावर त्यांनी नकार दिला होता. मग कॉफी आली आणि गप्पा निघाल्या. कुर्ल्याच्या फियाटशी स्पर्धा करताना कारखान्यात त्या गाडीची काय काय टिंगल चाले, ते त्यांनी हसत हसत सांगितले. निघताना म्हणाले, "घरच्यांसाठी घेत असाल तर फियाटच घ्या. समुद्रापासून लांबची घ्या."

ती आम्हांस पुढे कोइम्बतूरकडे मिळाली. १९८४ ची पद्मिनी, करड्या रंगाची, एकाच घरात राहिलेली. किंमत एक लाख पाच हजार. या गाडीला निराळा सांगाडा नसतो, तळाचा पत्राच भार वाहतो, म्हणून गालिचे उचलून तळ आणि जॅक लावावयाच्या जागा पाहिल्या. पुढच्या चाकांच्या किंगपिना ढिल्या होत्या, त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घेतला. नोंदणीचे नूतनीकरण लांबलेले होते. जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी २०२२ साली सहाशेवरून पाच हजार रुपये झाली, ती आणि मालकी बदलण्याचे अर्ज यांत दीड महिना गेला. उरलेल्या पैशांत टायर आणि बॅटरी आली. कार्ब्युरेटरचा एक भाग मात्र पुदुपेट्टैत मिळाला नाही. तो मुंबईहून मंडळाच्या एका भाच्याने डब्यात चिवड्याबरोबर बांधून आणला.

पहिल्या रविवारी गाडी कोवलमला नेली. मालक छपराखालून बाहेर आले, त्यांनी बॉनेट उघडावयास सांगितले, इंजिन चालू करविले आणि बराच वेळ कान देऊन उभे राहिले. टॅपेट थोडे वाजतात म्हणाले. मग आत जाऊन पाने घेऊन आले.