आपले हाल कोणी दाखवावे?

मी नऊ-दहा वर्षांची असताना एका वैशाखात शहरातून एक गृहस्थ आमच्या वाडीत आले होते. आई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून चढण चढत होती. त्यांनी तिला वाटेतच उभी करून तिचा फोटो काढला. तो कोठे छापला, त्याखाली काय लिहिले, हे आम्हांस कधीच कळले नाही. आई मात्र कित्येक दिवस म्हणे, "मेल्याने पदर तरी सारखा करू द्यायचा होता!"

कॅनडात फोगो नावाचे एक बेट आहे. आपल्या जयगडासारखेच मासळीवर जगणारे. तेथे इतके दारिद्र्य आले की, लोकांना उठवून दुसरीकडे वसविण्याचा विचार सरकारात चालला होता. १९६७ साली कॉलिन लो या दिग्दर्शकाने, विद्यापीठातील डॉन स्नोडन यांच्या साहाय्याने, बेटावरील लोकांच्या बोलण्याचे सुमारे २८ छोटे बोलपट केले. विशेष हे की, ते प्रथम त्याच लोकांना दाखविले व त्यांच्या संमतीनेच बाहेर नेले. एका गावाचे दुःख दुसऱ्या गावाने पडद्यावर पाहिले. मंत्र्यांनी ते पाहून दिलेले उत्तरही चित्रित होऊन बेटावर आले. पुढे तेथल्या कोळ्यांनी सहकारी संस्था काढली, आणि बेट उठले नाही.

तरी यंत्र परक्याच्याच हाती होते. हाती धरण्याजोगे व्हिडिओ कॅमेरे निघाल्यावर तीही अडचण सरली. १९८४ साली अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संस्थेत न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट बाईंनी वीस जणींना कॅमेरा शिकविला. त्यांत लीलाबेन दातनिया या माणेकचौकातील भाजीवाल्या होत्या. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. मी निदान सातवी शिकले, आणि घरच्या मिक्सरचे बटण बिघडले तरी मुलाला हाक मारते!

आपल्या शेजारी गोव्यात हणजूण येथून २००३ साली सुरू झालेल्या 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' या संस्थेचे काम चालत आले. २०१० पासून तिने खेड्यापाड्यांतील, आपल्या महाराष्ट्रातीलसुद्धा, स्त्री-पुरुषांच्या हाती छोटे कॅमेरे दिले. पाणी, रेशन, शाळा यांची दशा गावच्याच माणसाने टिपायची, अधिकाऱ्याला दाखवायची, आणि काम झाले तर तेही टिपायचे.

हे वाचल्यावर गेल्या चैत्रात आम्ही दोघीतिघींनी मोबाइलवर शेजारच्या आत्यांना बोलते केले. फोन पाहताच त्या उठून इस्त्रीचे लुगडे नेसून आल्या. मी म्हटले, "आत्या, अशाने हाल कसे दिसायचे?" त्या म्हणाल्या, "गरीब होतो गो, गबाळ्या नव्हतो."

पाऊण तास बोलल्या. नंतर सारे त्यांना दाखविले. एका ठिकाणी त्यांनी हाताने थांबविले व एवढे काढा म्हणाल्या. तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटत होते. पण काढले. काय होते ते येथेही लिहीत नाही.

आता येत्या वैशाखात त्यांना घेऊन त्या जुन्या विहिरीवर जायचे आहे. चढण त्यांना झेपेल का, एवढीच काळजी आहे.