यंत्राचा आवाज आणि खोलीचा आवाज

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने लावतात, हे तालुक्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे. आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. एका इंजिनाचा आवाज मापकावर ८० डेसिबेल भरला, तर तितक्याच अंतरावर तसेच दुसरे इंजिन सुरू केल्यावर किती भरेल? बहुतेक मुले १६० म्हणतील. उत्तर आहे ८३. तिसरे इंजिन आले तरी जेमतेम ८५.

या विचित्र बेरजेचे मूळ टेलिफोनच्या तारांत आहे. तार लांबत जाते तशी तिच्यातून जाणाऱ्या संदेशाची शक्ती दर मैलाला ठरावीक पटीने घटते, ठरावीक आकड्याने नव्हे. पटींचा हिशोब बेरीज-वजाबाकीने करायचा तर लॉगरिथम हवेच. अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात त्यासाठी नवे एकक घेतले आणि १९२८ च्या सुमारास ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबेल म्हटले जाऊ लागले. शक्ती दहापट झाली की १ बेल. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबेल. शक्ती दुप्पट झाली तर वाढ सुमारे ३ डेसिबेलची. (कानाला आवाज दुप्पट वाटायला मात्र साधारण १० डेसिबेल लागतात. कान हा अगदी वेगळाच हिशोबनीस आहे!)

हे एकक तारांतून रस्त्यावर यायला वेळ लागला नाही. १९२९ साली न्यूयॉर्क शहराने गोंगाटाविरुद्ध आयोग नेमला आणि मोटारीत उपकरणे घालून रस्तोरस्ती आवाज मोजला. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी खर्जातले आवाज कानाला कमी जाणवतात हे वक्र काढून दाखवले, आणि पुढे मापकातही तशी योजना झाली. म्हणूनच आज मापकावर ‘ए’ अक्षर असते.

संगणकाने कार्यालयात पाऊल टाकले ते गोंगाट घेऊनच. १९५९ मध्ये आलेला आयबीएम १४०३ हा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापी. प्रत्येक अक्षरामागे एक हातोडी कागदावर आपटे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला, पण सर्वसामान्य माणसाच्या ओळखीचा झाला तो नंतरचा डॉट मॅट्रिक्स. बँकेत पासबुक छापताना होणारी त्याची करकर कोण विसरेल? १९८४ च्या सुमारास लेझर आणि शाईच्या फवाऱ्याचे प्रिंटर बाजारात आले आणि मग ‘आमचे यंत्र शांत’ हे सांगण्याची चढाओढ लागली.

इथे खरी अडचण उभी राहते. मापकाला यंत्र आणि खोली यांतला भेद कळत नाही. त्याच्यापर्यंत जे येऊन पोचते ते सारे तो मोजतो. एकाने जाजम आणि पडद्यांच्या खोलीत तीन मीटरवरून मोजले, दुसऱ्याने उघड्या फरशीवर एका मीटरवरून मोजले, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. १९८८ मधील आंतरराष्ट्रीय मानकांनी यावर तोड काढली. आयएसओ ७७७९ ने कसे मोजायचे ते ठरवले (बसून काम करणाऱ्यासाठी मायक्रोफोन यंत्रापासून पाव मीटरवर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंच), तर आयएसओ ९२९६ ने आकडा कसा जाहीर करायचा ते. यंत्र स्वस्थ असतानाचा आणि काम करतानाचा आकडा वेगळा द्यायचा.

शिवाय दोन राशी निराळ्या केल्या. दिव्याचा प्रकाश एकूण किती आणि त्यातला पुस्तकावर पडतो किती, तसेच हे. यंत्र बाहेर टाकते ती ध्वनिशक्ती. कानाशी पोचतो तो ध्वनिदाब. घोटाळा होऊ नये म्हणून शक्ती बेलमध्ये आणि दाब डेसिबेलमध्ये लिहायची पद्धत पडली. आम्हाला ही युक्ती अर्धीच साधलेली वाटते. माहितीपत्रकात ‘५.९ बेल’ वाचून ग्राहक हा आकडा ४५ पेक्षा कितीतरी लहान समजतो. प्रत्यक्षात तो ५९ डेसिबेल असतो.

शाळेसाठी प्रिंटर निवडताना हे कामी येते. शिक्षकाचे नेहमीचे बोलणे एका मीटरवर साधारण ६० डेसिबेल असते. प्रिंटर त्याच्या जवळपास गेला की मागच्या बाकावरच्या मुलांना अर्धे शब्द कळत नाहीत. भ्रमणध्वनीवरील मापकाचा आकडा नेमका नसला, तरी तोच फोन त्याच जागी ठेवून, तेच पान छापून दोन यंत्रांतला फरक पाहायला तो चालतो. आधी यंत्र बंद ठेवून वाचन घ्यावे, मग चालू करून. फरक १० डेसिबेल किंवा अधिक असेल तर खोलीचा वाटा अर्ध्या डेसिबेलहूनही कमी. फरक ३ चा असेल तर यंत्राचा आवाज खोलीइतकाच, म्हणून एकूण वाचनातून ३ वजा करावेत. त्याहून कमी असेल तर ते वाचन सोडूनच द्यावे. पत्र्यावर पावसाचा मारा चालू असताना बहुधा असेच होईल.

खालापुरातून द्रुतगती महामार्ग जातो. कर्जत तालुक्यातल्या माथेरानला मात्र खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. एकच प्रिंटर दोन्ही ठिकाणच्या वर्गांत मोजता आला, तर वजाबाकीनंतरचे आकडे जवळपास यायला हवेत. नाही आले, तर दोन्ही वर्गांच्या भिंती आणि छत पाहावे.