पोलिसानेच गुन्हा केला तर शिक्षा जास्त हवी का? कायद्यात आधीच काय लिहिलंय?

मे २०२१ मध्ये जालन्यातला एक व्हिडिओ राज्यभर फिरला. एका खासगी हॉस्पिटलच्या आवारात पोलीस एका तरुणाला लाठ्यांनी मारताना त्यात दिसत होते. मारहाण एप्रिलमधली होती. व्हिडिओ बाहेर आल्यावर पाच पोलीस निलंबित झाले.

असा व्हिडिओ आला की एक मागणी हमखास होते: वर्दीतल्या माणसाला सामान्य माणसापेक्षा डबल शिक्षा द्या. मग ते जालना शहर असो की भोकरदनसारखा तालुका. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. निलंबन ही शिक्षा नाहीच. निलंबित पोलिसाला त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि चौकशीत सुटला तर तो पुन्हा कामावर येतो. शिक्षा कोर्ट देतं, आणि तिथवर प्रकरण पोहोचलं तरच देतं.

सुप्रीम कोर्टाने काय म्हटलं होतं?

या प्रश्नाचं सर्वात थेट उत्तर मुंबईच्या एका प्रकरणात मिळालं. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया याला वाशीतून एका मित्रासह उचलण्यात आलं. त्याचा भाऊ वकील. त्याने लगेच वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा पाठवल्या. संध्याकाळी वर्सोव्यातल्या नाना-नानी पार्कजवळ 'एन्काऊंटर'मध्ये लखन भैया मारला गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. भाऊ कोर्टात गेला, विशेष पथकाने तपास केला आणि पोलिसांवरच खुनाचा खटला उभा राहिला.

आरोपी पोलिसांच्या जामिनाचा मुद्दा मे २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात आला. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने तेव्हा स्पष्ट सांगितलं की, सामान्य माणसाने गुन्हा केला तर नेहमीची शिक्षा ठीक आहे, पण पोलिसाने केला तर शिक्षा बरीच कडक हवी, कारण तो आपल्या कर्तव्याच्या अगदी उलट वागलेला असतो. बनावट चकमक 'दुर्मिळातली दुर्मिळ' मानून फाशी द्यावी, इथपर्यंत कोर्ट गेलं.

प्रत्यक्षात काय झालं? वाशीतून सोबत उचललेला तो मित्र महत्त्वाचा साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या काही दिवस आधी तो गायब झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. फाशी कुणालाच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने यातल्या ११ पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. हा आदेश पुढे हायकोर्टाने रद्द केला. सत्र न्यायालयाने सोडलेले प्रदीप शर्मा यांना मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्यांच्या अपिलावर सुप्रीम कोर्टाने नंतर तात्पुरता दिलासा दिला. कडक शिक्षेचं वाक्य निकालात राहिलं, खटला मात्र १८ वर्षं चालूच.

मग कायद्यात जास्त शिक्षा आहे की नाही?

आहे, पण सगळीकडे नाही. एखाद्याला बेकायदा कोंडून ठेवलं तर सामान्य माणसाला जास्तीत जास्त एक वर्ष कैद. कोठडीत डांबण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने बेकायदा आहे हे माहीत असूनही द्वेषाने तेच केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २५८ नुसार सात वर्षांपर्यंत. साध्या दुखापतीला एक वर्ष, पण कबुली वदवून घेण्यासाठी दुखापत केली तर कलम १२० प्रमाणे सात वर्षांपर्यंत. हे कलम नावाने पोलिसांपुरतं नाही, पण कायद्यानेच दिलेलं पहिलं उदाहरण आरोपीचा छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं आहे. इंग्रजांच्या काळापासून!

बलात्काराच्या कायद्यातला बदल तर महाराष्ट्रातूनच आला. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज (तेव्हा चंद्रपूर, आता गडचिरोली जिल्हा) इथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचाराचा आरोप दोन पोलिसांवर होता. हेच मथुरा प्रकरण. हायकोर्टाने दिलेली शिक्षा १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली, कारण काय तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: इतरांना किमान सात वर्षं, तर आपल्या हद्दीत किंवा ताब्यातल्या स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या पोलिसाला किमान दहा.

गंमत म्हणजे हा फरक आता जवळपास पुसला गेलाय. २०१८ मध्ये सगळ्यांसाठीच किमान शिक्षा दहा वर्षं झाली, पोलिसांची मात्र दहावरच राहिली. त्यांच्यासाठीची जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, एवढाच वेगळेपणा उरला. यावर फारशी चर्चाही झाली नाही.

खुनात तर फरक शक्यच नाही. फाशी किंवा जन्मठेप सगळ्यांनाच आहे, बाकी न्यायाधीशाच्या हातात. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचा एप्रिल २०१६ मध्ये खून झाला. आरोपी त्यांच्याच खात्यातला निरीक्षक अभय कुरुंदकर. बिद्रे बेपत्ता असताना, २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. पनवेल सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला जन्मठेप दिली, फाशी नाकारली.

ब्रिटनमध्ये उलट घडलं. साराह एव्हरार्ड हिला अटकेच्या बहाण्याने पळवून मारणाऱ्या पोलिसाला २०२१ मध्ये कधीच सुटका नसलेली जन्मठेप मिळाली. पोलीस असल्याचा गैरवापर केला, हेच न्यायाधीशांचं मुख्य कारण होतं.

विरोधातला मुद्दा

गुन्हा एकच तर शिक्षाही एकच हवी, असं काहीजण म्हणतात. शिवाय पोलिसाची नोकरी जाते, पेन्शनवर गदा येते, आणि ज्यांना पकडलं त्यांच्यासोबतच तुरुंगात राहावं लागतं. हे खरं आहे. पण वर्दी, कोठडी आणि पंचनामा हाती असलेल्या माणसाला पुरावा मिटवणंही सोपं असतं, हे या युक्तिवादात राहून जातं.

खरी अडचण शिक्षेच्या आधी

समजा, भोकरदन तालुक्यातल्या कुणाला पोलिसाविरुद्ध तक्रार करायचीय. ठाण्यात घेतली नाही, तर जालन्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यायची, मग प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार कर्तव्य बजावतानाच्या घटनेबद्दल लोकसेवकावर आरोप असेल, तर तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्याचं म्हणणंही विचारात घ्यावं लागतं. पुढे खटल्यासाठी सरकारची परवानगी लागू शकते. सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, ही नव्या कायद्यातली चांगली तरतूद. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात परवानगी लागतच नाही.

शेजारच्या परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हा औरंगाबाद खंडपीठाचा आदेश आला जुलै २०२५ मध्ये. सरकार त्याविरोधात सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही आदेश कायम राहिला. नुसत्या गुन्ह्याच्या नोंदीसाठी सहा महिन्यांहून जास्त!

राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. आणि ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे: रेकॉर्डिंग १८ महिने जपायचं, यंत्रणा तेवढी नसेल तरी किमान एक वर्ष. ठाण्यात मारहाण झाल्याची तक्रार असेल तर ते फुटेज मागता येतं. अर्ज लेखी द्यावा, त्यात तारीख आणि वेळ लिहावी आणि पोच घ्यावी.